संजनाच्या नावाचा डबा

१

नथ सापडली तेव्हा मी कमरेतून वाकून फ्रीझरच्या पोटात शिरले होते. बाहेरून फक्त माझे पाय आणि साडीचा घोळ दिसत असणार. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईनं असं दिसू नये, पण त्या रविवारी मला याहून वाईट दिसायचं होतं.

आमचं घर उमेळ्यात. मागे चाफ्या-मोगऱ्याची वाडी, पुढे पडवी, आणि पडवीत हा पांढरा, पेटीसारखा, वरून झाकण उघडणारा फ्रीझर. लॉकडाऊनच्या पावसाळ्यात मासळी भरून ठेवायला घेतला. यंदा आमच्या ह्यांच्या, म्हणजे हरेश्वरांच्या, मनात आलं की याचा फ्रीज करायचा. संध्याकाळचा टेम्पो चुकला तर मोगऱ्याच्या कळ्या उमलून वाया जातात. नुसत्या थंडाव्यात ठेवल्या तर दुसऱ्या दिवशीच्या टेम्पोनं जातात. फ्रीझरमध्ये मात्र काळ्या पडतात.

मग प्लासिडभाऊंना बोलावलं. बहारीनच्या एका हॉटेलात अठ्ठावीस वर्षं थंड कोठ्या सांभाळून परत आलेला माणूस. आता सहासष्टाव्या वर्षी गावातले फ्रीज दुरुस्त करतात, तेही मनात असेल तर. त्यांनी एक काडेपेटीएवढं यंत्र दाखवलं. त्याची तार आत सोडायची, आत आठ डिग्री झालं की फ्रीझर आपोआप बंद.

"हे काम दहा मिन्टांचं," ते म्हणाले. "पन आधी धुवा. मोगऱ्याला बोंबलाचा वास लागला तर देवाच्या डोक्यावर कोन ठेवील, वहिनी?"

शनिवारी बटण बंद केलं, झाकण उघडं टाकलं, तळाचं बूच काढलं. रविवारी चर्चमधली मिसा आटपून प्लासिडभाऊ आले आणि आत डोकावून नुसतेच माझ्याकडे बघत राहिले. तळाला चार बोटं जाडीची बर्फाची लादी तशीच होती. सहा वर्षांत आम्ही तळ म्हणून पाहिलाच नव्हता. वरचं काढायचं, वर नवं भरायचं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोकांच्या मोऱ्या घाण म्हणून नाकं मुरडणारी मी!

मी सुरी घेऊन खरवडायला गेले तर त्यांनी हात धरला. "भिंतीत नळ्या असतात. एक फुटली की हा डबा भंगारात." मग कढत पाण्याचं घमेलं आत ठेवलं, झाकण लावलं, अर्ध्या तासानं लादी कडेनं सुटली आणि मधोमध तडकली. तडकलेल्या कडेतून श्रीखंडाच्या डब्याचा कोपरा बाहेर आला.

"कोळंबी असेल जुनी," म्हणून मी ओढायला गेले. निघेना. प्लासिडभाऊंनी कोमट पाणी ओतत ओतत तो अलगद सोडवला. मी झाकण उघडलं. आत कोळंबी नव्हती. एक पिवळं फडकं होतं, लाकडासारखं कडक, आणि ते उलगडल्यावर माझ्या तळहातावर मोती चमकले.

आमच्या गौरीची नथ. पाच वर्षांपूर्वी जुलियानानं चोरलेली.

२

इथून पुढचं क्रमानंच सांगते, नाहीतर मी मध्येच कुठेतरी पळवाट काढीन. स्वतःला चांगलं ओळखते मी.

जुलियाना आमची शेजारीण. विहिरीपलीकडे तिचं घर. माझ्या लग्नाच्या आधीपासून दरवर्षी आमच्या गौरीच्या वेण्या तीच करायची. माझ्या सासूबाई, पुतळाबाई, म्हणायच्या, "जुलियानाच्या हातची वेनी नसेल तर माझी गौर रुसते." ती क्रूसाला हात जोडून यायची आणि गौरीपुढे मांडी घालून बसायची, यात कुणालाच काही वेगळं वाटायचं नाही. लग्नाकार्याचं जेवणही तीच रांधायची, सगळ्या उमेळ्यात.

त्या वर्षी गौर आली त्या दुपारी ह्यांनी कपाट उघडलं. त्याची किल्ली कायम ह्यांच्या करगोट्याला. नथीची लाकडी डबी त्यांनी माझ्या हातात दिली, ती मी गौरीपुढच्या पाटावर ठेवली आणि स्वयंपाकाला पळाले. माजघरात जुलियाना एकटी वेण्या करत बसली होती. तासभर तरी. चार वाजता माझी नणंद संजना गौरीला सजवायला बसली, डबी उघडली, आणि डबीत नथ नव्हती.

तेव्हा खोलीत अकरा बायका होत्या. सासूबाईंनी विचारलं, "सुहासिनी, तू नीट बघितली होतीस ना ग?"

मी काय म्हणाले ते शब्दाला शब्द लिहिते. "हो तर. डबी ठेवताना मी उघडून बघितली. नथ होती. त्यानंतर इथे फक्त जुलियाना होती."

बस, एवढंच. चोर हा शब्द मी उच्चारला नाही, ही माझी मोठी फुशारकी होती! जुलियानानं टोपली उपडी केली. पदर झटकला. फुलांचा सगळा केर गोळा करून टोपलीत भरला आणि काही न बोलता गेली. त्यानंतर तिला कुणी वेण्यांना बोलावलं नाही, रांधायलाही नाही. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या तेव्हा ती आमच्या फाटकाशी उभी राहिली, आत आली नाही.

हे सगळं मी प्लासिडभाऊंना सांगितलं. वर माझी अक्कलही पाजळली. "अहो, ती अजून परसात खणत असते. फुलांचा केर टाकते ना ती, त्या खड्ड्यात. महिन्या-दोन महिन्यांनी कुदळ घेऊन बसलेली असते. मला वाटायचं नथ पुरून ठेवली आहे, ती बघते. आता कळलं, मेलीनं आमच्याच घरात लपवली होती. पुढे संधी मिळेल तेव्हा नेऊ म्हणून!"

"आनि पाच वर्षं नेली नाही?"

"आम्ही फाटकाच्या आत येऊ कुठे देत होतो?"

"हं," ते म्हणाले. त्यांनी लादीचे दोन्ही तुकडे उचलून सावलीत ठेवले, वर ओलं पोतं घातलं. "हा बर्फ कुनी टाकू नका."

"बर्फाचं काय लोणचं घालायचंय?"

त्यांनी खायचा सोडा घेतला आणि फ्रीझर सोडून डब्याचं झाकणच घासायला बसले. झाकणावर चिकटपट्टी होती, तिच्यावर मळाचा थर. थर गेला तशी अक्षरं दिसली.

चिकटपट्टीवर लिहिलं होतं, "संजना."

३

संजना आचोळ्याला राहते. फोन केल्यावर रिक्षानं अर्ध्या तासात हजर. नथ बघून तिनं आधी डोळ्यांना लावली, मग झाकण बघितलं, मग माझ्याकडे.

"वहिनी, तू मला चोर ठरवायला बोलावलंस की काय?"

"मी कुठे काय म्हटलं?"

"तू कधीच काही म्हणत नाहीस," ती म्हणाली. "पण तुझं नाक बोलतं ना."

प्लासिडभाऊ मध्ये पडले. "संजनाताई, ही अक्षरं कोनाची?"

"हिचीच. गौर जाते त्या दिवशी आमच्याकडे तिखटाचा नैवेद्य असतो, कोळंबीचा. मग सात घरी वाटे जातात. श्रीखंडाच्या डब्यांवर नावं लिहायचं काम वहिनीचं. दरवर्षी."

"म्हनजे हा डबा कुठल्याही वर्षीचा असू शकेल?"

"असेल. पण त्या वर्षीचा नसावा. माझा वाटा मी हातात घेऊनच गेले होते. इतकी भांडणं झाली तरी वाटा कोण सोडतं?" मग तिला काहीतरी आठवलं आणि ती हसली. "वाटा मिळाला नाही तो एकदाच. लॉकडाऊनच्या गौरीला. आमची बिल्डिंग सील होती. वहिनी म्हणाली, फ्रीझरमध्ये ठेवते, रस्ते उघडले की पाठवते. सहा घरचे डबे गेले, माझा अजून यायचाय!"

"किती वेळा उगाळशील ते?" मी म्हणाले.

"मरेपर्यंत."

प्लासिडभाऊ हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "त्या दिवशी डबी तुम्ही उघडली. कशी होती ती?"

"कशी म्हणजे? लाकडी. वर लाल नाडा बांधलेला. आईची सवय. गौर गेली की डबीला हळदकुंकू लावायची, नाडा बांधायची आणि दादाकडे द्यायची, कपाटात ठेवायला. गाठ इतकी घट्ट की सुटेचना. हळदकुंकवानं नुसती दगड झाली होती. शेवटी मी विळीवर धरून नाडा कापला."

बोलता बोलता संजना थांबली. मी उठले, म्हटलं चहा टाकते. 

४

हरेश्वर वाडीतून आले ते कळ्यांची टोपली घेऊनच. त्यांनी नथ हातात घेतली नाही. पडवीच्या कठड्यावर बसले आणि पंचानं मान पुसत राहिले.

प्लासिडभाऊ आणि हे शाळेत एका बाकावर होते. एकेरीतलं बोलणं.

"हऱ्या, तेव्हा पोलिसात का नाही गेलास?"

"घरची गोष्ट."

"घरची? अकरा बायकांसमोर झाली ती?"

हे पंचाची घडी घालायला लागले. मला तेव्हाही याचा राग यायचा. मी म्हणत होते तक्रार करू, आणि हा माणूस हट्टाला पेटला होता, नाही म्हणजे नाही. मला तर कधी कधी वाटायचं, ह्यांनीच नथ कुठे हलवली की काय! नवऱ्यावर संशय घेणारी बाई शेजारणीला सोडणार आहे होय?

"बरं, ते राहू दे," प्लासिडभाऊ म्हणाले. "लॉकडाऊनच्या गौरीचं काही आठवतं?"

"आठवतं की. कोनी पाहुना नाही, गर्दी नाही. चौघंच आम्ही, मुलगा धरून. कोळंबी पाचूबंदरहून कशीबशी आनली होती. आनि ती उरली."

"उरली?"

"आई हिच्यावर चिडली होती. आईचं माप पक्कं असायचं, सात डब्यांना सात पळ्या आनि घरच्यांपुरतं. त्या वर्षी एका डब्याची उरलीच. आम्ही दोन दिवस खाल्ली. आई म्हनाली, हिनं कोनाचा तरी वाटा मारला."

"मी कुणाचा वाटा मारला नाही," मी ताडकन म्हणाले. "सात झाकणं लावली होती मी. मोजून."

"मी कुठे काय म्हनतो," हे म्हणाले आणि पहिल्यांदाच त्यांनी त्या पिवळ्या फडक्याकडे पाहिलं. ते आता उन्हात सैल पडलं होतं. कडेला हिरवा काठ दिसत होता. मीही पाहिलं. माझ्या हळदीच्या साडीचं फडकं. ती साडी फाटली तेव्हा तिची फडकी मी स्वतःच केली होती, आणि ती माझ्याखेरीज घरात कुणी वापरत नव्हतं.

मी ते फडकं नाकाशी नेलं. रिठ्याचा वास आला म्हणा, किंवा मला आठवला म्हणा.

५

"आता इकडे या सगळे," प्लासिडभाऊ म्हणाले आणि त्यांनी पोतं बाजूला केलं.

बर्फ वितळून अर्धा झाला होता, पण तडकलेली कड स्वच्छ दिसत होती. वर पांढरा थर. त्याखाली काचेसारखा. त्याखाली बोटभर जाडीची तांबूस-तपकिरी रेघ. आणि रेघेच्या खाली चौकोनी खळगा, जिथे आपला डबा बसला होता.

"बहारीनला आम्हाला हे बघायची सवय होती. बर्फ खोटं बोलत नाही. ही तांबडी रेघ म्हनजे मासळीचं रक्तपानी. मासळी सुटली की ते खाली उतरतं, लाइट आली की गोठतं. लाइट किती वेळा गेली होती, इतकी की मासळी सुटावी?"

"एकदाच," हरेश्वर म्हणाले. "ते मे महिन्यातलं मोठं वादळ आलं तेव्हा. तीन दिवस. आईनं झाकन उघडू दिलं नाही. त्यानंतर मी जनरेटर घेतला."

"रेघ एकच आहे. म्हनजे ती वादळाची. आनि ती डब्याच्या झाकनावरून सरळ गेली आहे, कुठे तुटली नाही. डबा नंतर खुपसला असता तर रेघ फोडावी लागली असती." ते संजनाकडे वळले. "वादळ कधीचं?"

"लॉकडाऊनच्या गौरीनंतरच्या मे मधलं. आणि नथ हरवली ती त्याच्यानंतरच्या गौरीला." संजना बोटं मोजत बोलली आणि तिचा हात हवेतच राहिला. "म्हणजे हरवायच्या चार महिने आधीपासून नथ इथे होती?"

"वर्षभर आधीपासून. लॉकडाऊनच्या गौरीपासून. हा तुमचा न आलेला डबा. म्हनून कोळंबी उरली. सात झाकनं लागली, पन कोळंबी सहाच डब्यांत गेली."

मला सगळं दिसत होतं. सात डबे ओट्यावर ओळीनं, सहा भरलेले, सातवा भरायचा राहिलेला, नावं लिहिलेली झाकणं शेजारी. गौरीच्या नाकातून काढलेली नथ हळदीनं माखलेली. ती मी रिठ्याच्या पाण्यात धुतली, फडक्यात गुंडाळली आणि मांजर ओढेल म्हणून त्या रिकाम्या डब्यात ठेवली. वाळली की डबीत घालू. तेवढ्यात आरतीला हाक आली. परत आले ती घाईत, सगळ्यांना जेवायला वाढायचं होतं. आत न बघता वरून झाकणं लावत गेले. आणि आतल्या खोलीत सासूबाई रिकाम्या डबीला हळदकुंकू लावून नाडा बांधत होत्या. त्यांना वाटलं, सुनेनं नथ घातलीच असणार.

"चूक झाली वहिनीकडून," संजना हळूच म्हणाली. "कुणाच्याही हातून होईल अशी. देवाची शपथ, मी पुन्हा डब्याचं नाव नाही काढणार."

"चूक झाली," प्लासिडभाऊ म्हणाले. "तिच्याबद्दल मी काहीच म्हनत नाही. मला एकच समजत नाही. पुढच्या वर्षी डबी कपाटातून निघाली ती रिकामीच होती. नाडाही वर्षापूर्वीचा, दगड झालेला, तो संजनाताईंनी चार वाजता कापला. त्याआधी ती डबी कोनीच उघडलेली नाही. जुलियानानं नाही आनि दुसऱ्या कोनी नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज अजिबात चढला नव्हता.

"मग वहिनी, दुपारी डबी उघडून तुम्ही बघितली ती नथ कुठली?"

६

मी काही बघितलं नव्हतं.

हे वाक्य मी त्या दिवशी पडवीत मोठ्यानं बोलले. पाच वर्षांत पहिल्यांदा. तोंडातून बाहेर पडल्यावर ते इतकं लहान निघालं की मला स्वतःचीच किळस आली.

सासूबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "नीट बघितली होतीस ना?" आणि मी गिरगावातून आलेली सून, जिला पंचवीस वर्षं ऐकवलं गेलं होतं की हिचं कशात लक्ष नसतं. नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं? चार शब्द ऐकले असते. रात्री रडले असते. पण अकरा बायका बघत होत्या, नणंद बघत होती, आणि तोंडातून आपसूक निघालं, "हो तर." एकदा हो म्हटल्यावर पुढचं वाक्य मागोमाग आलं. नथ होती. आणि ते आल्यावर तिसरं यायलाच हवं होतं. मी जुलियानाकडे बघितलंसुद्धा नाही बोलताना. लाज वाटून नव्हे, ती त्या क्षणी माझ्या हिशेबातच नव्हती. मला फक्त स्वतःला वाचवायचं होतं.

नंतर मी ते इतक्यांदा सांगितलं की मलाच खरं वाटू लागलं. संजनानं नाडा कापला तेव्हा मी तिथेच होते, माझ्या डोळ्यांसमोर कापला. तरीही!

"मला माहीत होतं," हरेश्वर म्हणाले.

मी मान वर केली.

"डबी मीच दिली ना तुझ्या हातात. नाडा होता. तू तशीच पाटावर ठेवलीस नि गेलीस. मी बघत होतो." ते पंचाशी बोलत असल्यासारखे खाली बघत होते. "म्हनून पोलिसात जाऊ दिलं नाही. वाटलं, तेवढं केलं म्हनजे झालं. बायकोला खोटी पाडायची जीभ नाही झाली."

"आणि जुलियानाला पाडलंस?" संजना म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "दादा, तिनं मला मांडीवर खेळवलंय."

मला त्यांच्यावर रागावायचा हक्क नव्हता.

प्लासिडभाऊ उठले. फ्रीझरचा तळ त्यांनी सोड्याच्या पाण्यानं पुसला, मग व्हिनेगरनं, मग कोरड्या फडक्यानं. वास जायला आत कोळशाचे चार तुकडे ठेवले. यंत्राची तार सोडली. हे सगळं अगदी शांतपणे.

"मोठा शोध लावला म्हनून फुगलो नाही मी," ते हत्यारं गोळा करताना म्हणाले. "माझ्या मुलीच्या लग्नाला जेवन कोनी केलं, आठवतं? बाहेरून मानसं आनली. जुलियाना माझ्या घरापासून चार पावलांवर. बायको म्हनाली, लोक काय म्हनतील. मी म्हनालो, बरं. कोनी मला काही विचारलंसुद्धा नाही, मी आपला बरं म्हनालो." त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "मी मेकॅनिक. बर्फाचं सांगितलं. पुढचं तुमचं तुम्ही बघा."

"मी तिच्या घरी जाते," मी म्हणाले. "आत्ता जाते. पाया पडते."

"घरी?" संजना म्हणाली. "वहिनी, तू बोललीस ते घरात चौघांत नव्हतं."

७

साडेचारला फुलांचा टेम्पो येतो. क्रूसाजवळच्या चौकात उभा राहतो. वाडीवाडीतून बायका टोपल्या घेऊन येतात, वजन होतं, गप्पा होतात, कुणाचं लग्न ठरलं, कुणाची सून कशी आहे, सगळं तिथेच. त्या अकरांपैकी निम्म्या तरी रोज तिथे असतात. जुलियानाही येते. थोडी लांब उभी राहते, सगळ्यांचं झालं की शेवटी टोपली पुढे करते. मी पाच वर्षं हे रोज बघत होते आणि मला वाटायचं, शोभतं तिला.

मी नथ पदरात बांधली होती. हरेश्वरांनी दोनदा विचारलं, "येऊ का सोबत?" मी नको म्हटलं. मग तरी ते मागून आले आणि सगळ्यांना दिसतील असे उभे राहिले, ते एक बरं केलं त्यांनी.

"बायांनो, जरा ऐका," मी म्हणाले. टेम्पोवाल्यानं काटा धरून ठेवला. "आमची नथ सापडली. आमच्याच फ्रीझरमध्ये होती. मीच चुकून ठेवली होती, हरवली म्हटलं त्याच्या वर्षभर आधी."

"अगं बाई!" कुणीतरी म्हणालं. "बरं झालं सापडली."

"थांबा. अजून आहे." मी पदराची गाठ सोडली. नथ तळहातावर ठेवून सगळ्यांपुढे धरली. "मी सांगितलं होतं की डबी उघडून बघितली, नथ होती. मी बघितली नव्हती. मी खोटं बोलले. आई रागावतील म्हणून. जुलियानानं काहीही केलं नव्हतं. तिचा काही संबंध नव्हता. खोटं मी बोलले आणि पाच वर्षं बोलत राहिले."

एक-दोघींनी जुलियानाकडे पाहिलं आणि लगेच टोपल्यांत बघू लागल्या. त्यांनाही कुठे बघावं कळत नसावं.

जुलियाना पुढे आली. केस किती पांढरे झाले होते तिचे! इतक्या जवळून मी तिला पाच वर्षांत पाहिलंच नव्हतं. मला वाटलं, आता थोबाडीत मारील. मारली असती तर मी तिचे उपकार मानले असते. तिनं नथीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि ज्या आवाजात विचारलं त्यात राग नव्हताच. नुसतं नवल होतं.

"म्हनजे तू बघितली नव्हतीस?"

"नाही."

"पन तू म्हनालीस, डोळ्यांनी बघितली."

"खोटं बोलले ग."

"तू खोटं कशाला बोलशील, असं वाटलं मला." ती टोपलीची कड चाचपत होती. "मला वाटलं, सुहासिनीनं बघितली म्हनजे नथ तिथं होती. मी सोडून कोनी नव्हतं, तेही खरं. मग माझ्याच हातून गेली असनार. वेनीच्या केरात गुंडाळली गेली असेल, आनि तो केर मीच भरून नेला. परसात टाकला. घरी गेल्यावर हे ध्यानात आलं. खनते मी तेव्हापासून. माती चाळून बघते. वाटायचं, सापडली की तुझ्या सासूला नेऊन देईन. ती गेली. मग वाटलं, तुला देईन."

मी रस्त्यातच खाली बसले. कुणी उठवायला आलं नाही आणि यावं असं मला वाटलंही नाही.

तिनं शेवटी टोपली पुढे केली, वजन करून घेतलं, आणि घरी गेली. मला माफ केलं की नाही, त्याबद्दल एक शब्द नाही.

त्या संध्याकाळी फ्रीझरमध्ये आठ डिग्री झालं. मोटर आपोआप बंद झाली, हरेश्वरांनी कळ्या आत ठेवल्या. मी पडवीतून विहिरीपलीकडे बघत होते. जुलियाना परसात उभी राहून तो खड्डा बुजवत होती. मी गेले. फाटक उघडंच होतं. कुदळ तिच्याकडे, घमेलंही तिच्याकडे, तिनं मला दोन्ही दिलं नाही. मग मी खाली बसून हातांनीच माती लोटायला लागले. ती काही म्हणाली नाही. ये नाही, जा नाही. माती बारीक होती, पाच वर्षं चाळून चाळून पिठासारखी झालेली. अंधार पडायच्या आत खड्डा भरला.